टाक्यातलं तांबूस पाणी

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी नुसती चढलो नाही, बी.एस्सी. होऊन उतरलो. हे मी आजही छाती काढून सांगतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजण्यासारखं जे आहे ते पुढं येईल.

पदवीनंतर मी सॅनिटरी इन्स्पेक्टरची परीक्षा दिली आणि जिल्हा लोकल बोर्डानं मला आमच्याच मावळात नेमलं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. गावात माझ्या नोकरीची फार थट्टा झाली. चुलते पारावर बसून सांगायचे, पोरगं पुण्याला जाऊन एवढी बुकं वाचून आलं, ते लोकांच्या विहिरीत दवा टाकायला आणि परसाकडं कुठं बसावं हे शिकवायला. मी चिडायचो आणि मग जास्तच ठसक्यात कामाला लागायचो. नेमणुकीच्या पहिल्याच चैत्रात माझ्याकडं देवीची यात्रा आली.

देवीचं नाव लिहीत नाही, यात्रेला उगाच बट्टा नको. ठाणं डोंगरावर. एका अंगानं बेडसे, परंदवडी अशा गावांच्या बैलगाड्या यायच्या, दुसऱ्या अंगानं रेल्वेतून मुंबईकडचे आणि घाटाखालचे लोक उतरायचे. एरवी शे-दीडशे माणसांचा डोंगर, तीन दिवसांत त्यावर मुंग्यांसारखी माणसं. आणि पाणी दोनच ठिकाणी. डोंगराच्या निम्म्यावर पायऱ्यांजवळ कातळात खोदलेलं एक टाकं, आणि पायथ्याला ओढा. चैत्रात ओढा वाहत नाही, त्याचे डोह उरतात. गाड्या त्या डोहांपाशीच सुटायच्या. बैल तिथंच प्यायचे, भांडी तिथंच घासली जायची, बोकडं तिथंच कापली जायची. लोणावळ्याला नळ होते, रेल्वेच्या इंजिनांना भुशीच्या धरणाचं पाणी होतं. माणसांच्या यात्रेला मात्र डोह. मी भुशीच्या पाण्याची एखादी टाकी स्टेशनात आणून ठेवता येईल का म्हणून वर लिहिलं होतं. उत्तर आलं नाही.

म्हणून ठरलं ते असं, की लोकांनी टाक्याचं पाणी प्यावं आणि डोह बैलांना ठेवावा. टाक्यात परमँगनेट टाकायचं काम माझं. लोक त्याला लाल दवा म्हणत. माझ्याबरोबर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस टोचायला लोणावळ्याचे एक वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. त्यांना सगळे चाचा म्हणत, मीही म्हणायचो. त्यांनी बऱ्याच यात्रा काढलेल्या. त्यांनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं की दवा संध्याकाळी टाकावी, सकाळपर्यंत रंग उतरतो आणि लोकांना पत्ताही लागत नाही. पण त्या संध्याकाळी मी यात्रेकरूंच्या परसाकडंसाठी चर खणणाऱ्या मजुरांच्या मागं होतो. चर वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवेत, ते त्यांनी सोयीच्या अंगाला खणले होते. ते बुजवून पुन्हा खणून घेण्यात दिवस गेला. दवा टाकायला मी सकाळी टाक्यावर पोचलो तेव्हा पहिल्या पालख्या पायऱ्या चढत होत्या. घाईत टाकली, आणि धोका नको म्हणून वर एक मूठ जास्त टाकली.

टाक्याचं पाणी तांबूस झालं. सकाळच्या उन्हात ते छान दिसत होतं, हे कबूल केलं पाहिजे.

पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला माहीत नाही. बायकांच्या घोळक्यातून आवाज आला की आईनं टाक्यात कुकू टाकलंय. झालं. पायऱ्यांवरून ती गोष्ट माझ्यापेक्षा जोरात चढली आणि उतरली. लोक टाक्याला नमस्कार करायला लागले. बाया पाणी डोळ्यांना लावत होत्या, पोरांना पाजत होत्या, घरी न्यायला तांबे भरून वर फडकं बांधत होत्या. इतकं औषधी पाणी इतक्या आनंदानं कुणी प्यालेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

देवळाचे गुरव वरच्या पायरीवर उभे होते. साठीचे, कोरडे, कमी बोलणारे. त्यांनी मला दवा टाकताना पाहिलं होतं. ते बघत राहिले आणि काही बोलले नाहीत. मला वाटलं, हा माणूस गप्प राहून लोकांना फसवतोय.

चाचा माझ्या कानाशी आले. म्हणाले, "साहेब, पितायत ना? पिऊ द्या. आपलं काम झालं."

मला ते पटलं नाही. मी पुण्यात चार वर्षं घालवली ती कुंकवाच्या गोष्टी खपवून घ्यायला नव्हे, असं माझ्या डोक्यात होतं. शिवाय खरं सांगायचं तर श्रेय देवीला चाललं होतं. दवा मी टाकली होती. मी टाक्याच्या काठावरच्या धोंड्यावर चढलो आणि मोठ्यानं सांगितलं, "हे कुंकू नाही. देवीनं काही केलेलं नाही. हे औषध आहे, ते सकाळी मी माझ्या हातानं टाकलंय, पटकी होऊ नये म्हणून. पाणी चांगलं आहे. प्या, पण कुंकू समजून पिऊ नका."

 मग माझ्या डाव्या बाजूला कुणीतरी तांब्या उपडा केला. पाणी दगडावर आपटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. त्यामागून दुसरा, तिसरा, मग सगळेच. एक म्हातारा खोकत खोकत म्हणाला की प्लेगाच्या साली पण असंच दवा-दवा करत आले व्हते आणि घरं पेटवून गेले व्हते. बाकीच्यांना तेवढं पुरलं. घटकाभरात टाक्याभोवती मी, चाचा आणि गुरव एवढेच उरलो. माणसं पायऱ्या उतरून डोहाकडं निघाली होती. उन्ह वाढलं होतं आणि तहान थांबत नाही.

मी खाली धावलो. डोहावर हात आडवे करून उभा राहिलो. मला कुणी मारलं नाही, ढकललंही नाही, नुसतं बाजूनं गेले. दोन पोलीस शिपाई होते ते गाड्यांच्या वाटेवर. एक बाई ओंजळीनं पिता पिता मला म्हणाली, "हितं बी टाकली का काय दवा?" आणि हसली. शेजारचे हसले. 

तेवढ्यात चाचा डोहाच्या वरच्या अंगानं धावत आले. त्यांचं वय धावायचं नव्हतं. सावलीत एक माणूस आडवा पडला होता. रेल्वेनं आलेल्यांपैकी. पहाटेपासून जुलाब, आता तांदळाच्या धुवणासारखं पाणी, डोळे आत गेलेले, पायांत गोळे. चाचांनी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली, ती तशीच उभी राहिली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पटकीच होती. त्याच्या माणसांनी त्याचं धोतर धुऊन काढलं होतं. कुठं, ते विचारायची गरज नव्हती. धोतर डोहाच्या काठावर वाळत होतं आणि त्याच्या खालच्या अंगाला माणसं पीत होती. माझ्या बोलण्यावरून.

मी पुन्हा डोंगर चढलो. निम्म्या वाटेवर दम लागून बसलो, उठलो, पुन्हा चढलो. गुरव देवळाच्या पायरीवर फुलं निवडत बसले होते. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणालो, "आबा, तुम्ही सांगा लोकांना. ते पाणी देवीचंच आहे म्हणा."

"सकाळी मी गप बसलो ते तुला खपलं न्हाई. आता बोल म्हणतूस?"

"माणसं मरतील, आबा."

"मरतील. म्हणून मी तिच्या उंबऱ्यावर खोटं बोलू? कुकू न्हाई म्हणून तूच सांगितलंस न्हवं? न्हाईच हाय ते. मला बी ठावं व्हतं."

मग मी जे बोललो ते बोलायला नको होतं. मी म्हणालो, कौल लावा आणि उजवा द्या. कौल म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. जास्त ओली लावली की कळी लवकर गळत नाही, एवढं विज्ञान मला कळत होतं.

फुलं निवडणारे गुरवांचे हात थांबले. मला वाटलं आता हाकलून देतील. त्यांनी फुलं बाजूला ठेवली. मग म्हणाले, "देणारा मी न्हाई. इचारणारा हाय. लावतो कौल. काय इचारायचं ते मी ठरविणार आणि कवा द्यायचा ते ती ठरविणार. नगारा वाजला का खालचं समदं मानूस वर येतं. कळी पडस्तवर कुणी पाण्याला त्वांड लावत न्हाई. रीत ठावं हाय ना? का कालिजात इसरलास?"

रीत मला माहीत होती. पण तिचा अर्थ मला पायऱ्या उतरताना लागला, आणि मग मी उरलेल्या पायऱ्या दोन-दोन करून उतरलो.

नगारा वाजला. डोहावरची माणसं दचकली. यात्रेत अवेळी कौल लागत नाही, काहीतरी मोठं आहे असं त्यांना वाटलं. हातातली भांडी ठेवून माणसं डोंगराला लागली. ज्यांच्या तोंडात घोट होता त्यांनी थुंकून टाकला. पाव तासात डोह मोकळा झाला.

आम्ही सहा माणसं होतो. मी, चाचा आणि चर खणणारे चार मजूर. आजारी माणसाला चाचांनी गाडीत घालून रोग्यांसाठी घातलेल्या लांबच्या मांडवात नेलं. आम्ही डोहाच्या काठाची माती खरवडली, ते धोतर आणि भोवतालचं गवत जाळलं, पाण्यात ब्लीचिंग पावडरचं अख्खं पिंप रितं केलं आणि चारी अंगांनी बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. करवंदीच्या जाळ्या तोडून त्यावर रचल्या. माझे हात रक्तानं भरले. मध्येच थांबून मी डोंगराकडं कान लावत होतो. कौल लागला की लोक गजर करतात. तो येत नव्हता. येऊ नये असंही वाटत होतं आणि कधी येतो असंही. एक मजूर म्हणाला, "साहेब, आईला आज लय वेळ लागला." दुसरा म्हणाला, "बी.एस्सी. प्रश्न असंल." मला हसू आलं नाही, पण त्यांच्यावर रागही आला नाही.

काम संपवून मी वर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. देवळाभोवती माणसं दाटीनं बसली होती, ओठ वाळलेले, कुणी हलत नव्हतं. मी मागं उभा राहिलो आणि थोड्याच वेळात डावी कळी पडली.

 देवीनं नाही म्हटलं होतं. आता हे लोक टाक्याला कधीच तोंड लावणार नाहीत, असं मला वाटलं. पण गजर उठला तो आनंदाचा. मग गुरव उभे राहून बोलले तेव्हा मला कळलं. त्यांनी टाक्याचं विचारलंच नव्हतं. लेकरांनी ओढ्याचं पाणी प्यावं का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. आईनं नाही म्हटलं. नंतर ते पायऱ्या उतरून टाक्यापाशी आले, दिवसभराचा उपास तिथंच ओंजळीनं सोडला आणि काही न बोलता परत चढून गेले. पाण्याचा रंग तोवर फिका झाला होता. लोक बघत राहिले, मग एकेक जण वाकला.

संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "आबा, उजवी पडली असती तर? ओढ्याचं पाणी प्या म्हणाली असती तर?"

ते दिवा लावत होते. मागं न बघता म्हणाले, "तर तितं तुजं काटं व्हतंच की."

तो आजारी माणूस दुसऱ्या दिवशी मांडवातच वारला. यात्रा उरलेले दोन दिवस चालली, टाक्यावर. नवा रोगी सापडला नाही. चाचा म्हणाले, वाचलो. मला तसं म्हणवत नव्हतं. माझं भाषण आणि नगारा यांच्या मध्ये घटकाभर, कदाचित जास्तच, माणसं त्या डोहाचं पाणी प्यायली होती. किती, कुणाला माहीत? पटकी अंगात शिरल्यावर चार-पाच दिवसांत डोकं वर काढते. आणि तोवर माणसं पांगली होती. अर्धी गाड्यांनी मावळात, अर्धी रेल्वेनं कुठं कुठं. स्टेशनात उभा राहून मी डबे जाताना पाहत होतो. त्या प्रत्येक डब्यात मला तांब्या दिसत होता.

मी सायकल काढली. सकाळी एक गाव, दुपारी दुसरं. दारात उभं राहून विचारायचं, कुणाला जुलाब? कुणाला उलटी? लोक म्हणत, "न्हाई वो, तुमी का असं तोंड करून आलाय?"  एका गावाहून निघालो की पाठीमागं हाक आल्यासारखं वाटायचं आणि मी परत वळून जायचो. तिथं काही नसायचं. बायका हसायच्या, येड लागलंय म्हणायच्या. पुढच्या गावाला जायचो तर मागचं राहिलं असं वाटायचं. मुंबईच्या बाजूच्या दवाखान्यांना मी पत्रं लिहिली, यात्रेहून आलेल्यांवर लक्ष ठेवा म्हणून. पण लक्ष कुणावर ठेवायचं, नावं कुणाची लिहिणार?

तिसऱ्या दिवशी परंदवडीत माझ्या आत्याच्या दारात पोचलो आणि आत शिरायच्या आधीच मला वासावरून कळलं.

ही माझी सख्खी आत्या. मी पुण्याला होतो तेव्हा भाजी घेऊन जाणाऱ्या गाडीवानाच्या हाती ती माझ्यासाठी भाकऱ्या पाठवायची. मी पास झाल्यावर तिनं साऱ्या परंदवडीत गूळ वाटला होता. ती घोंगडीवर आडवी पडली होती आणि तिचा आवाज बसला होता. पटकीत आवाज असाच बसतो. मी एकाला डॉक्टरसाठी लोणावळ्याला पिटाळलं आणि तिला मिठाचं पाणी पाजायला बसलो. ती प्यायची आणि ओकायची. मी पुन्हा पाजायचो.

मी विचारलं, "आत्या, तू डोहाचं पाणी प्यालीस?"

"प्याले."

"का? मी पाणी चांगलं आहे म्हणालो होतो."

तिनं डोळे उघडले. थांबत थांबत बोलली. "तू म्हणालास कुकू न्हाई. मग मी तांब्या वतला. समद्यांच्या आदी मी वतला. आमच्या पोरानं सांगितलं, न्हाई म्हणजे न्हाई. बाकीच्या बाया वतत नव्हत्या. मी म्हणलं, वता गं, त्यो माजा भाचा हाय, शिकल्याला हाय, त्यो खोटं सांगंल व्हय?"

"अगं, पण प्या असंही मी सांगितलं होतं."

"तीर्थ न्हाई तर मंग त्या तांब्यात का ठेवायचं? तीर्थाचा तांब्या त्यो. वतला. खाली आल्यावर तहान लागली."

मी वाटी पुन्हा तिच्या ओठांना लावली. तो पहिला तांब्या दवेला भिऊन उपडा झाला असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. तो माझ्या शब्दावर विश्वास ठेवून उपडा झाला होता.

डॉक्टर आले, त्यांनी मिठाचं पाणी शिरेतून चढवलं. दोन दिवस काही खरं नव्हतं. हातापायांची बोटं धोब्याच्या बोटांसारखी सुरकुतली होती. मी तिची घाण माझ्या हातानं काढली, चुना टाकून पुरली, शेजारणींना दारातून मागं फिरवलं, एका म्हातारीनं अंगारा आणला तो घेतला आणि उशाशी ठेवला. यात्रेच्या त्या सकाळी मी म्हणालो असतो, असलं काही चालणार नाही. आता वाद घालायला माझ्याकडं उसंत नव्हती. तिसऱ्या दिवशी आत्यानं लघवी केली. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की ती झाली की माणूस वाचलं. मी अंगणात जाऊन सायकलीला धरून उभा राहिलो. आतून तिचा घोगरा आवाज आला, पेजेत मीठ जास्त झालंय म्हणून.

मी रिपोर्ट लिहिला. त्यात दवा दिवसा टाकल्याचं, जास्त टाकल्याचं आणि टाक्यावर केलेल्या भाषणाचं सगळं लिहिलं. बोर्डाच्या वरच्या डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं की भाषणाचा परिच्छेद काढ, यात्रेत इन्स्पेक्टर काय बोलला हे कुणी विचारत नाही, आणि स्वतःहून कशाला सांगायचं? मी काढला नाही. त्यावरून माझी कायम नेमणूक वर्षभर अडकली. त्याचं मला काही वाटलं नाही. मुंबईकडं धाडलेल्या पत्रांपैकी दोन पत्रांची उत्तरं आली, दोन्हींत काही नाही असं होतं. बाकीची आली नाहीत.

पुढच्या चैत्रात दवा आदल्या संध्याकाळी पडली. सकाळी पाणी नितळ होतं, लोक प्याले, कुणी काही म्हणालं नाही. टाक्यावर चाचा होते. मी स्टेशनात होतो. माझं काम तिथं नव्हतं, पण गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक घोळक्याला गाठून मी विचारत होतो, गेल्या साली यात्रेला आला होता का? किती जण होता? औंदा किती आलात? काहींना वाटलं मी कर गोळा करतोय, ते पोरांची संख्या कमी सांगायचे. काहींना वाटलं शिरगणती चाललीय.

एक घोळका निवांत उभा राहिला. म्हातारा म्हणाला, "गेल्या साली सात व्हतो. औंदा सा."

"आणि सातवा?"

"सातवी. सून हाय आमची. बाळंत झाली, म्हणून ऱ्हायली घरी."

"कधी झाली?"

म्हातारा बायकोकडं बघायला लागला. बायको म्हणाली, "या बाबाला कशाला हवंय ते?"

सातही जण जिवंत होते. मी पुढच्या डब्याकडं गेलो होतो.